काशिनाथचं कार्ड कोणी जमा केलं?

सन २०२३. आधार कार्डाप्रमाणे माझं वय तेव्हा अडुसष्ट. खरं किती ते आईला ठाऊक होतं, ती कधीच गेली.

आधीच सांगतो, भूतखेत मी मानत नाही. पाड्यावर कोणाला ताप आला की लोक भगताकडे पळतात, मी सरकारी दवाखान्यात नेतो. बायको शेवटच्या आजारात होती तेव्हाही भगताला दारात उभं केलं नाही. त्यावरून भावकी अजून बोलते. बोलू दे. शाळा चौथीपर्यंत. पण जे झालं ते लिहायला चौथी पुरते.

आम्ही उधव्याच्या पुढच्या पाड्यावर राहतो, तालुका तलासरी. मोबाईल अंगणात महाराष्ट्रात असतो आणि विहिरीवर गेलं की गुजरातमध्ये. काशिनाथ माझा एकुलता एक मुलगा, सरकारी खात्यात कालव्यावर चौकीदार. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण माझी सून आज तिथंच कामाला आहे.

आधी तो बरीच वर्षं रोजंदारीवर होता. मग कायम झाला, पण ओळखपत्र मिळेना. डहाणूला जाऊन फोटो काढला, तर म्हणे मागचा पडदा पांढरा पाहिजे. परत काढला. मग म्हणे रक्तगट. तो आणला, तोवर सहीवाले साहेब बदलून गेले... शेवटी कार्ड आलं तेव्हा पोरगा ते गळ्यात घालून लग्नाच्या हळदीला गेला. लोक हसले. "काशा, नवरदेव कोण रे? फोटो तर तुझा लागलाय!" हसले तर हसले. नाक्यावर पोलीस गाडी अडवायचे, काशिनाथ कार्ड उचलून दाखवायचा आणि ते "जा" म्हणायचे. आमच्या घराण्यात पोलिसानं नुसतं "जा" म्हटलेला तो पहिला माणूस.

पुढे त्या कार्डाची निळी फीत तुटली. तो नवी घेणार होता. मी म्हटलं, कशाला? गवताचा भारा बांधताना आम्ही जी गाठ मारतो ती मारून दिली. वर सुटू नये म्हणून नायलॉनचा दोरा गुंडाळला.

भातकापणीच्या दिवसांत हायवेवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. तोंड राहिलं नव्हतं. पोलिसांनी कार्डावरून ओळखलं, मी पायावरून. उजव्या पायाची करंगळी लहानपणी कोयत्यानं गेली होती. पोलिसांनी माझी सही घेऊन कार्ड माझ्या हातात दिलं.

आमच्यात गेलेल्या माणसाबरोबर त्याची वस्तू द्यायची रीत आहे. कोणाचा कोयता, कोणाची काठी. मी त्याच्या छातीवर फितीसकट कार्ड ठेवलं. त्याच्याबरोबर काम करणारा एक जण नदीवर आला होता, तो हळूच म्हणाला, "काका, नका ठेवू. ऑफिसला लागेल."

"फोटो कोणाचा आहे?"

"काशिनाथचा."

"नाव?"

"त्याचंच."

"मग ऑफिसचं काय आहे त्यात?"

अग्नी मी दिला. विझेपर्यंत तिथून हललो नाही. कार्ड वाकडं होऊन काळं पडताना मी या डोळ्यांनी बघितलं. हे लक्षात ठेवा.

पुढे सविता, म्हणजे माझी सून, काशिनाथच्या जागी नोकरी मिळावी म्हणून डहाणूच्या ऑफिसला खेटे घालू लागली. पदरात लहान लेकरू, आणि तोवर परक्याच्या चिकूवाडीत मजुरी. सगळे कागद झाले. क्लार्क म्हणाला, मयताचं ओळखपत्र जमा करा, त्याशिवाय फाईल पालघरला जाणार नाही. मी सोबत गेलो आणि खरं ते सांगितलं.

क्लार्कनं कपाळाला हात लावला. "जाळलं? बाबा, मागं छापलेलं असतं, कार्ड शासनाची मालमत्ता आहे."

"पोरगा माझी मालमत्ता होता. तो दिला, तर कार्डाचं काय घेऊन बसलात?"

"बरं, असं करा. पोलीस स्टेशनला जा, कार्ड हरवलं म्हणून तक्रार द्या. दाखला आणा, काम होऊन जाईल. पोलिसांनी तुमच्या सहीनं दिलंय, तेव्हा तक्रार तुम्हीच द्यायची."

"हरवलं नाही. मी त्याला दिलंय."

"अहो, नुसतं म्हणायचं!"

"नाही म्हणणार."

मुलाची शेवटची वस्तू बापानं हरवली, असं मी पोलिसात लिहून देऊ? परतीच्या गाडीत सविता रडत म्हणाली, "बाबा, एक शब्द तर आहे. पोराकडं बघून म्हणा ना." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. फाईल तिथंच पडून राहिली. सवितानं माझ्याशी बोलणं सोडलं. ताट पुढं ठेवायची, शब्द नाही.

माघात एके दिवशी ती वाडीवरून धावत आली. ऑफिसचा फोन आला होता, कार्ड जमा झालं, फाईल पुढं जाते. मला वाटलं पोरगी खूश होईल. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, कुठं लपवलं होतंत एवढे दिवस? आम्हाला असं रखडवून काय मिळालं तुम्हाला?"

बायका आमच्यात नदीवर येत नाहीत. तिनं जळताना बघितलेलं नव्हतं. मी पायात चपला घातल्या आणि तसाच डहाणूला गेलो.

क्लार्कनं ड्रॉवरमधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कोरं करकरीत. ना डाग, ना धुराचा वास. काशिनाथ फोटोतून बघतोय. मी फीत हातात घेतली. भाऱ्याची गाठ होती, माझी. पण तिच्यावरचा नायलॉनचा दोरा वितळून गोळा झाला होता, दगडासारखा कडक. बाकी फीत जशीच्या तशी.

"कोणी आणलं हे?"

"आज सकाळी खिडकीत दिलं कोणीतरी. मी कॉम्प्युटरवर होतो."

"तोंड बघितलं का?"

"कार्ड बघितलं ना बाबा. कार्ड बघितल्यावर तोंड कोण बघतं?"

"काय बोलला?"

"मी म्हटलं सही करा. तर म्हणाला, सही आता होत नाही. गेला." मग क्लार्क हसला. "तुमचाच नातेवाईक ना? आवाज तुमच्यासारखाच वाटला."

मी म्हटलं, कार्ड मला द्या. ते मिळणार नव्हतं. त्यानं माझ्यासमोर कात्री घेतली आणि कार्ड मधोमध कापलं, रद्द करायची ती पद्धत. फोटोवरून कात्री गेली तेव्हा मी भिंतीकडं बघितलं. फीत शासनाची नाही म्हणाला, ती दिली.

गेटवर सिक्युरिटीवाला होता. नवा, बिहारकडचा, काशिनाथला ओळखणारा नव्हे. त्याला विचारलं, सकाळी कार्ड दाखवून कोण आत गेलं?

"बहुत लोग जाते हैं, चाचा." मग म्हणाला, "हाँ, एक आदमी था... पैर में चप्पल नहीं थी, इसलिए ध्यान गया."

"पैर कैसा था?" माझं हिंदी तेवढंच.

त्यानं स्वतःचा उजवा बूट पुढं केला आणि करंगळीच्या जागी बोट टेकवलं. "यहाँ की उंगली नहीं थी."

गेटवर कॅमेरा आहे. बंद आहे. कधीपासून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

वाचणारे म्हणतील, कोणीतरी बनवलं, दुसरं कार्ड छापलं. मीही तसंच धरलं होतं. पण ती गाठ आमच्या घराबाहेर कोणाला येते? आणि पाय कुठून छापून आणणार? मला कोडं सुटलेलं नाही. भूत मी आजही मानत नाही.

त्या रात्री सविताला सगळं सांगितलं. ती फीत हातात घेऊन एवढंच म्हणाली, "घरी नाही आले."

तेच माझ्या मनात होतं. ऑफिसात आला, बापाचा हट्ट निस्तरून गेला. घरी आला नाही. लेकराला बघायलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी परत डहाणूला गेलो. ऑफिस अजून उघडायचं होतं. फीत खिशात घेऊन त्या खिडकीसमोरच्या बाकड्यावर बसलो. झाडू मारणाऱ्या शिपायानं मला ओळखलं.

"बाबा, तुमचं काम झालं ना काल?"

"झालं."

"मग आज काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसलोय." आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत राहिलो.