सुधाताईंचं स्वप्नकाव्य

सुधाताईंच्या लेकीचा, मीराचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोहून ट्रेनमध्ये बसले होते. "मावशी, आई इज गॉन…" एवढंच ती बोलली. त्याला आता महिना होऊन गेला, तरी ताईंच्या घराजवळचं पिनर स्टेशन आलं की मी उतरायला उठून उभी राहते.

ताई भूलतज्ज्ञ. उभं आयुष्य इथल्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवण्यात गेलं. त्यांचे यजमान माधवराव गेले आणि घर खायला उठलं, तेव्हा मी त्यांना लायब्ररीतल्या वाचनवर्गाला ओढून नेलं. तिथे मध्ययुगीन इंग्रजी स्वप्नकाव्यं चालली होती. सगळ्यांची चाल एकच. दुःखी कवी, मे महिना, पाखरं. कवीला झोप लागते, स्वप्नातल्या बागेत कुणीतरी भेटून शहाणपण सांगतं आणि त्याला जाग येते. पहिल्याच दिवशी ताईंनी हात वर केला. "हा पेशंट एवढ्यात झोपला कसा? उपाशीपोटी होता ना, ते विचारा आधी!" सगळा वर्ग हसला. घरी येताना मात्र त्या म्हणाल्या, "एकच बाग सगळ्यांनी वापरलीय गं, आणि कुणाला लाज नाही. मग मी का नको वापरू?"

माधवराव त्यांच्या स्वप्नात कधीच येत नव्हते. तेच त्यांचं खरं दुखणं. म्हणून ताईंनी मराठीत, नियमांत बसवून, स्वतःचं स्वप्न लिहायला घेतलं. बाग जशीच्या तशी उचलली, पाखरंही. झाडाखाली माधवराव आले… आणि गाडं अडलं. आता त्यांनी काहीतरी थोर बोलायला हवं होतं. आत्मा, शांती, स्वर्ग. ताई लिहायच्या आणि खोडायच्या. "माधव असलं बोलेल का? चहात साखर कमी आहे, एवढंच बोलायचा तो." मी एक ओळ सुचवली, तर फटकन म्हणाल्या, "तुझा नवरा नव्हता तो." मला राग आला.

शेवटची भेट हॉस्पिटलमधली. ताई पार थकल्या होत्या, चेहरा मात्र खुललेला.

"जमलं गं."

"काय बोलले माधवराव?"

"काही नाही. आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागला. मी मागोमाग."

"मग? जाग येते ना शेवटी?"

"यायला हवी, नियमाप्रमाणे," ताई डोळे मिटून म्हणाल्या. "ते कडवं मी लिहिलंच नाही."