भरवशाचं पिस्तूल

त्या दुपारी मी आणि माझ्या बायकोनं स्वयंपाकघरात बसून मेथी निवडली. मी देठ फार ठेवतो म्हणून ती ओरडली, आणि तासाभरात तिच्या छातीत कळ आली. इथं इंग्लंडात, लीड्सच्या हॉस्पिटलात तिला आत नेलं, मला बाहेर बसवलं.

शेजारी टेक्सासहून आलेला एक मराठी गृहस्थ होता, आजारी बहिणीला भेटायला आलेला. त्याचा उजवा हात सारखा कमरेशी जायचा आणि रिकामा परत यायचा.

“काका, तिकडे या कमरेला माझं पिस्तूल असतं. रोज शर्टाखाली बाळगायचं तर चपटं हवं, अन् ऐनवेळी अडकता कामा नये. चार बदलली, तेव्हा भरवशाचं मिळालं.”

“आजवर कुणावर झाडलंस?”

“छे हो! पण वेळ काय सांगून येते? माणसानं तयार असावं. तुम्ही इथले लोक म्हणजे अगदी उघडे!”

मोठा शहाणा! बायको करतानासुद्धा यानं एवढं पारखलं नसेल.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं, त्यालाही कळलं. हा तयार माणूस ‘कॉफी आणतो’ म्हणून उठला तो परत आलाच नाही. मी शाळा फार पाहिली नाही, पण पळपुटा ओळखतो. थू असल्या तयारीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला हिरवं पातळ नेसवलं. सवाष्ण गेली की हे बायकांनी करायचं, पण इथं आमच्यातलं बाईमाणूस कुणी नव्हतं. निऱ्या मला येत नव्हत्या. तीनदा सुटल्या, चौथ्यांदा बसल्या.