चार पन्नासची नोंद

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना सगळे कुलूपवाले म्हणत. खरं कुलूप त्यांनी आयुष्यात एकही दुरुस्त केलं नव्हतं. पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात, तारा गुंडाळण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. मग शहराच्या नऊही पंपघरांत कॉम्प्युटर आले, पंप मुख्य इमारतीतून चालू-बंद होऊ लागले आणि एका बैठकीत साहेबांनी विचारलं, "या तारांमधून बाहेरचं कुणी आत शिरत नाही ना, हे कोण बघणार?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. यांना खाली बघायला उशीर झाला, एवढंच.

पन्नाशी उलटल्यावर ते ही विद्या शिकले. सुट्टीच्या दिवशी वर्गाला जायचे आणि सोमवारी डोळे चोळत कामावर यायचे.

मी तिथलं भांडार सांभाळतो. वाणिज्य शाखेचा पदवीधर, चौतीस वर्षं नोकरी. पाना असो की पंपाचा पट्टा, माझ्या खोलीतून वस्तू सहीने जाते आणि सहीने परत येते. त्यावरून कुलूपवाले मला वहीवाले म्हणत.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे काळ्या पेटीतला एक लॅपटॉप. पंपघरातल्या यंत्रणेला तो जोडला की कुठलं दार उघडं राहिलंय, कुठला पासवर्ड कच्चा आहे, ते त्यातला प्रोग्राम दाखवायचा. मी एकदा विचारलं, "हे चोराच्या हाती लागलं तर?"

"तर चोराला दाखवेल," ते म्हणाले. "वहीवाले, टेस्टरला काय कळतं हात कुणाचा आहे ते? वायर चोरणाराही आधी टेस्टरच लावून बघतो."

म्हणूनच त्या पेटीला परवाना लागला. अर्जात एक प्रश्न होता : या साधनाने दुसऱ्याच्या यंत्रणेस अपाय करता येईल काय? यांनी लिहिलं, "हो, सहज." अर्ज परत आला.

"अहो, असं लिहितं का कुणी?" मी म्हणालो.

"विचारलंय ना त्यांनी?"

"विचारायला काय, वहिनीही विचारत असतील भाजी कशी झालीय म्हणून. तिथेही खरंच सांगता?"

"सांगतो. म्हणून तर डबा मीच करतो."

दोनदा फिरून शेवटी परवाना आला, तो अटींसह. पेटी भांडारातल्या कपाटात राहील, एकच माणूस ती नेईल, नेल्या-आणल्याची वेळ नोंदवहीत लिहिली जाईल आणि संध्याकाळी पाचच्या आत ती परत येईल.

पाचच्या आत, यातच सगळी गोम होती. लांबची पंपघरं शहराबाहेर, आणि बसचा नेम नाही. सुरुवातीला मी थांबायचो. पण मला घरी जायचं असे, गुडघे दुखत, आणि रिकामा रकाना मागे टाकून कपाट बंद करणं माझ्याने होत नसे. एके दिवशी मी पावणेपाचलाच "परत, ४.५०" असं लिहून टाकलं आणि खोलीची दुसरी किल्ली त्यांना दिली. ते आले की पेटी ठेवून, सही करून जात. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काल मी सहा दहाला आलो होतो."

"पेटी आली ना? मग झालं."

थकलेला माणूस वाद घालत नाही. पुढे अकरा महिने रोज चार पन्नास. ती वही इतकी देखणी दिसे, की नव्या कारकुनांना मी ती नमुना म्हणून दाखवत असे.

याच काळात त्यांनी टेकडीवरच्या पंपघराचा अहवाल लिहिला. यंत्रं बसवणाऱ्या कंपनीने लांबून दुरुस्ती करता यावी म्हणून एक वाट उघडी ठेवली होती. तिचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता आणि नऊही ठिकाणी एकच होता. दीड पानांचा अहवाल वर गेला आणि वरच राहिला.

"मोटार जळाली की धूर तरी निघतो," ते म्हणाले. "इथे काही दिसतच नाही, मग उठणार कोण?"

पाच आठवड्यांनी एका मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला टेकडीवरच्या टाकीत क्लोरीनची मात्रा कुणीतरी लांबूनच वाढवली. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. पाळीवरच्या पंपचालक बाईंना वास आला, त्या धावत गेल्या आणि त्यांनी हाताने व्हॉल्व्ह बंद केला. शहर त्या संध्याकाळी नेहमीसारखं पाणी प्यायलं, कुणाला पत्ताही लागला नाही.

"नऊ कॉम्प्युटर," कुलूपवाले म्हणाले, "आणि पकडलं कुणी? तर नाकाने."

पण असं करता येईल असं साधन आमच्याकडे कुणाजवळ आहे, हा चौकशीतला पहिलाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एकच होतं. व्हरांड्यात लोक त्यांना टाळू लागले. एका कारकुनाने तोंडावर टोमणा मारला, "काय कुलूपवाले, आपणच फोडायचं, आपणच शोधायचं. बरं चाललंय!" ते नुसते पुढे गेले.

मुख्यालयातून चौकशी अधिकारी बाई येणार होत्या. आदल्या संध्याकाळी मी कुलूपवाल्यांच्या घरी गेलो. दाराची वरची बिजागरी सहा महिन्यांपासून निखळलेली.

"भाऊजी, जरा उचलून ढकला," वहिनी आतून म्हणाल्या. "अख्ख्या शहराची दारं सांभाळणाऱ्याचं घर आहे हे!"

ते गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. मी म्हणालो, "वहीत चार पन्नास आहे. म्हणजे साडेपाचला पेटी कपाटात. तुम्ही गप्प बसा, वही बोलेल."

"पेटी कुठे होती, वहीवाले?"

"कपाटात."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"बसमध्ये," मी म्हणालो.

"माझ्या मांडीवर. पुलाच्या अलीकडे ट्रक आडवा झाला होता. सव्वासहाला आलो."

"गप्प बसा म्हणतायत तर बसा की," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं राहिलीत. नोकरी गेली तर परत मोटारी गुंडाळणार का? बोटं वळतात का तुमची?"

"कार्यालयाच्या फाटकावर कॅमेरा आहे. पेटी घेऊन आत शिरताना मी दिसणारच. आज नाही तर उद्या बघतील. मग वही खोटी, मी खोटा, आणि माझा अहवालही खोटा. ती वाट अजून उघडी आहे, नऊ ठिकाणी."

"आणि माझं काय?" मी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली.

"तुमचं नाव घेणार नाही. सही माझी आहे."

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाईंनी वही चाळली. "अशी वही प्रत्येक कार्यालयात हवी," त्या म्हणाल्या. मी बुटांकडे बघत होतो. "म्हणजे साडेपाचला पेटी कपाटात होती."

"नाही, बाई. माझ्या मांडीवर होती. बसमध्ये."

"मग हे चार पन्नास?"

"सही माझी आहे," ते म्हणाले आणि थांबले.

मी उभा राहिलो. गुडघा कटकन वाजला. "अक्षर माझं आहे. वेळ येण्याआधीच लिहायचो. अकरा महिने."

बाईंनी वही मिटली. "कळतंय का तुम्हाला?" त्यांनी कुलूपवाल्यांना विचारलं. "या वहीने तुम्हाला सोडवलं होतं."

"मला सोडवून काय करता, बाई? अहवाल वाचा. दीडच पान आहे."

अहवाल शोधायला तास गेला. बाईंनी तो दोनदा वाचला. पेटीतला लॅपटॉप तपासला, तो मंगळवारी तीन चाळीसनंतर चालूच झाला नव्हता. टेकडीवरच्या त्या वाटेत परक्या माणसाच्या खुणा सापडल्या. तो कोण, ते आजवर कळलेलं नाही. चार दिवसांत नऊही ठिकाणची वाट बंद झाली.

नियम मात्र मोडलाच होता. पेटी मुख्यालयात गेली, ती आता महिन्यातून एकदा तपासणीला येईल असं ठरलं. कुलूपवाल्यांची बदली मागच्या मीटर तपासणीच्या खोलीत झाली. मला लेखी ताकीद मिळाली, चौतीस वर्षांतली पहिली. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

माझ्या निवृत्तीला आता तीन महिने आहेत. काल संध्याकाळी ते टेस्टर परत करायला आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"पेटी आली होती का या महिन्यात?"

"नाही."

"मागच्या?"

"मागच्याही नाही."

त्यांनी कपाटाकडे बघितलं. तिथे आता नटबोल्टचे पानेच ठेवलेत. "परत अहवाल लिहावा लागणार," ते म्हणाले. "लिहितो. एकाच पानाचा करतो. चला, नोंद करा. मला बिजागरीचे स्क्रू घ्यायचेत, नाहीतर घरात घेणार नाही ती."

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी पाच वीस लिहिलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, रकान्यावर बोट ठेवून वेळ वाचली, आणि मग सही केली.