लडकू भोईरचं बाकडं

लडकू भोईर हा माणूस घाबरलेला मी एकदाच पाहिला. पूर म्हणू नका, कोर्टकचेरी म्हणू नका, कशानंच न डगमगलेला हा आगरी गडी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीपुढे हरला. २००६ सालचा मे महिना होता. अंगणात सात-आठ वर्षं उन्हात पडून असलेल्या त्या पांढऱ्या खुर्चीवर त्याची बायको हौसाबाई बसली, मागचा पाय काडकन मोडला आणि बाई फरशीवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं.

ती खुर्ची लडकूनंच आणली होती. आणली त्या दिवशी मला हाक मारून दाखवलीही होती. "पंत, हिचा काय करावा लागत न्हाय. भिजली तं भिजली, तापली तं तापली."

मी लडकूचा शेजारी. उभं आयुष्य संगीत नाटकांच्या कंपनीत गावोगाव हिंडण्यात गेलं. किती तरी सिंहासनांवर बसलो आणि एकाही सिंहासनाला कधी पाठ टेकली नाही, कारण मागे नुसता पुठ्ठा आणि बेगड असे. त्यामुळे बसण्याच्या वस्तूंकडे संशयानं पाहायची सवय मला जन्माची लागलेली. तरी त्या खुर्चीबद्दल मीही काही बोललो नाही. ऊन खाऊन खाऊन प्लॅस्टिक आतून पापडासारखं होतं, हे आम्हा दोघा म्हाताऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हौसाबाईच्या पायात सळई बसली. दिवाळीपर्यंत ती काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागली. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी तासभर उन्हात बसा. पण बाई बाहेर बसायला तयार होईना. खिडकीजवळच्या खाटेवर बसून राहायची. पूर्वी त्याच अंगणात तिचा दरबार भरायचा. सुक्या कोळंबीचे सोडे निवडता निवडता गल्लीतल्या सात-आठ बायका साऱ्या नारपोलीच्या बातम्या घेऊन यायच्या. आता त्या खिडकीपाशी दोन मिनिटं उभ्या राहत, गजातून बोलत आणि जात. तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटे ते.

मुलगा भावेश गोदामं भाड्यानं देण्याच्या धंद्यात होता. मनाचा चांगला, हाताचा सढळ. त्यानं नक्षीचा लोखंडी सेट आणला. पांढराशुभ्र, वर छत्री. हौसाबाईनं खिडकीतूनच निकाल दिला.

"मांडवातली वाटते. पाव्हन्यांना बसव."

"आये, एकदा बसून तरी बघ!"

"तू बस. पडलास तं तुझी हाडं कवली हायत, जुळतील."

लडकूनं खुर्ची उलटी केली. पाय पोकळ नळीचे होते आणि एकाचं रबरी बूच निघालेलं. त्यानं आत बोट घातलं, ते तांबडं होऊन बाहेर आलं. "वरून रंग, आतून गंज," तो म्हणाला. "पंत, उद्यापासून माझ्याबरोबर फिराल काय?"

पुढचा महिनाभर आम्ही रिक्षानं फिरलो, पण दुकानांत एकदाही गेलो नाही. शेतकरी माणूस बियाणं पारखतो तशी त्याची रीत. दुकानातली खुर्ची त्याला नव्या नवरीसारखी वाटे. "मना दहा वरसं संसार केलेली दाखव," म्हणे. लग्नाच्या लॉनवर, हायवेच्या ढाब्यावर, पालिकेच्या बागेत आम्ही बाहेर पडून जुनी झालेली आसनं बघत हिंडलो. लडकू प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचा, "कवापासून हाय? आनि याचा काय काय करावा लागते?"

वेताच्या खुर्च्या दिसायला राजस, पण आमच्या यंत्रमागांच्या गावात मागांवरून उडालेला कापसाचा तूस त्यांच्या विणीत असा बसतो की काढता काढता बोटं दुखावीत. सिमेंटचं बाकडं अमर, पण डिसेंबरात गार आणि मे महिन्यात तवा. एका ढाब्यामागे मात्र सागाचं जुनं बाकडं होतं. करडं पडलेलं, पॉलिश कधीच न पाहिलेलं, पण ठणठणीत. पट्ट्यांमध्ये बोटभर फट, पाणी थांबायलाच जागा नाही. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे, म्हणून ओल चढलेली नाही. ढाबेवाल्या चाचांनी सांगितलं, "साल में दो बार साबुन-पानी, और बोल्ट कस दो. पॉलिश मारा तो गया, हर साल उखड़ेगा."

लडकू तिथं अर्धा तास बसला.

त्याच सुमारास लडकूच्या यंत्रमागांच्या शेडमधले जुने माग भंगारात निघत होते. मागाच्या दोन बाजूंच्या चौकटी ओतीव लोखंडाच्या असतात, एकेक उचलायला दोन माणसं लागावीत अशा. लडकूनं एका मागाच्या दोन्ही चौकटी भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरवून घेतल्या. अंबाडी गावच्या वखारीतून सागाच्या पट्ट्या आणल्या, जस्त चढवलेले बोल्ट आणले. चौकटी झाल्या पाय आणि हात, मध्ये पट्ट्या, बैठक गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे उठताना पायावर जोर नको. खाली फरशीचे तुकडे. लोखंडाला काळा रंग दिला. मी रोज खुर्ची घेऊन समोर बसे आणि सूचना देई, ज्यांतली त्यानं एकही ऐकली नाही.

बाकडं उभं राहिल्यावर त्यानं खिडकीसमोर प्रयोगच लावला. आधी स्वतः दाणकन बसला. मग मला बसवलं. मग भावेश, मग रस्त्यावरून जाणारे दोन पैलवानी हमाल. पाचही जण एकदम बसलो तरी बाकडं हललं नाही.

"बघितलास?" लडकू खिडकीकडे बघून ओरडला.

"बघितला," आतून आवाज आला. "ती खुर्चीपन तवा चांगलीच होती."

लडकूचं तोंड असं उतरलं की मी दुसरीकडे पाहिलं.

दोन दिवसांनी सकाळी शेजारच्या आळीत हळद होती. सून दिपाली नवी पिवळी साडी नेसून निघाली. ती साडी सासूनं पसंत केलेली. पदर सारखा करायला म्हणून ती क्षणभर बाकड्यावर टेकली आणि उठली, तर साडीच्या मागे पाच काळे पट्टे! आदल्या संध्याकाळी लडकूनं सगळ्या पट्ट्यांना प्रेमानं तेल चोळलं होतं. मागाचं तेल. तीस वर्षं लोखंडाला जे मानवलं ते लाकडालाही मानवेल, असा त्याचा हिशेब.

खिडकीतून जो आवाज आला, तो नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेलाही पोचला असता.

"अवो, तुमाला काय अक्कल हाय का न्हाय? लाकडाला मागाचा तेल?"

आणि हौसाबाई बाहेर आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात धुण्याच्या सोड्याचा डबा आणि काथ्या. सात महिन्यांत पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर! दिपाली साडी बदलायला आत पळाली. लडकू पाण्याची बादली घेऊन धावला. बाई वाकून घासू लागली. तोंडानं नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालूच. अर्धं बाकडं स्वच्छ झालं, पाणी ओतलं, फटींतून निथळून गेलं. ऊन होतं, पट्ट्या बघता बघता सुकल्या. पण वाकून वाकून कंबर भरून आली. तिनं काठी लोखंडाला टेकवली आणि घासलेल्या अर्ध्या भागावर बसून उरलेलं अर्धं घासायला घेतलं.

लडकूचा हात बादलीच्या कडीवर थिजला. तो काही तरी बोलणार, तोच मी त्याचा कोपर दाबला. आयुष्यात इतके प्रवेश केले, पण एवढं गप्प राहणं मला कधी जड गेलं नव्हतं.

शेवटची पट्टी घासून तिनं वर पाहिलं. आम्ही दोघं तिच्याकडेच बघत होतो. मग तिनं खाली पाहिलं, आपण कुठं बसलोय ते.

"बगता काय?" ती म्हणाली. "पंत, तुमी उभे का? इकडं सुकलाय, बसा. आनि अवो, तुमी तो तेलाचा डबा आदी शेडमधे ठेवून या."

लडकू डबा घेऊन जवळजवळ पळतच गेला. परत आला तेव्हा डोळे पुसून आल्यासारखे लाल होते. तेल गेलं डोळ्यात, म्हणाला. तोवर समोरची चिंधूची बायको हळदीहून परतताना कुंपणापाशी आली होती आणि खिडकीऐवजी थेट अंगणात शिरून बाकड्याच्या टोकाला बसली होती. हळदीला कोण आलं, कोण रुसलं, हे सगळं पुरवून पुरवून सांगणं झालं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा हौसाबाई उठली. उठताना काठी घ्यायला विसरली. दोन्ही हात लोखंडाच्या चौकटीवर ठेवून तिनं सगळा भार त्यावर टाकला.