गोविंदरावांची कबुतरं आणि मुदतवाढ

विषय : गच्चीवरील कबुतरांना न दुखवता हलविणेबाबत.
संदर्भ : पुण्याहून चिरंजीवांचा फोन.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, नांदेडच्या आमच्या कॉलनीत संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे आम्ही चार निवृत्त कारकून. एके काळी कट्टा भरलेला असायचा. मग एकेकाला मुलं पुण्याला, हैदराबादला घेऊन गेली. माणसं कमी होतात तसे किस्से वाढतात, कारण गेलेल्या माणसावर बोलायला मोकळीक असते. हे किस्से मात्र हजर माणसाचे आहेत, आणि तो हजर राहावा म्हणूनच घडले.

तो माणूस म्हणजे गोविंदराव. त्यांच्या सुशीलाबाई रोज सकाळी गच्चीवर मूठभर ज्वारी टाकायच्या. बाई गेल्या, कबुतरं राहिली. खिडक्यांवर, कूलरच्या स्टँडवर, जिन्यात, सगळीकडे घाण आणि पिसं. गोविंदरावांची छाती कुरकुरायला लागली. डॉक्टर म्हणाले, कबुतरं तरी हलवा, नाहीतर तुम्ही तरी हला. दुसरा पर्याय मुलानं लगेच उचलला. दिवाळीपर्यंत सगळी कबुतरं गेली नाहीत, तर बाबांचा मुक्काम पुणे!

गोविंदरावांनी आम्हाला बोलावून एकच अट घातली. "मारायचं न्हाई, दुखवायचं न्हाई. तिची पाखरं हायत."

* * *

पहिला उपाय चिरंजीवांनीच ऑनलाइन पाठवला. प्लास्टिकचं घुबड! उन्हात डोळे चमकायचे, वाऱ्यावर मुंडकं गरागरा फिरायचं. कबुतरं घाबरायच्या आधी शेजारच्या काकू घाबरल्या. घरावर घुबड म्हणजे काय शोभा आहे का, असं विचारून गेल्या.

कबुतरं थोडे दिवस पाण्याच्या टाकीवर बसून अंदाज घेत राहिली. मग एक धीट कबूतर सरळ घुबडाच्या डोक्यावर बसलं आणि त्याच्याबरोबर फिरायला लागलं. मी हाकलायला उठलो, तर गोविंदरावांनी हात धरला.

"फिरू द्या. माळेगावच्या जत्रेत तिला बी पाळण्यातून उतरवावं लागायचं."

* * *

मग कांबळे पुढे सरसावले. हे पाटबंधारे खात्यातले. निवृत्तीच्या आधी काही महिने त्यांना साहेबाच्या खुर्चीचा प्रभारी कार्यभार मिळाला होता. त्या आनंदात त्यांनी सफारी शिवून घेतला, आणि येईल त्या फायलीवर "चर्चा करावी" एवढाच शेरा मारला. त्यातली एकही फाईल पुढं हललेली नाही. बहुतेक अजूनही तिथंच असतील.

तो सफारी बांबूवर चढवून कांबळेंनी गच्चीवर बुजगावणं उभं केलं. वर मडकं, मडक्यावर टोपी. त्यांच्या ऑफिसचा जुना शिपाई मारुती खालून चालला होता. त्यानं थांबून वर बघितलं, नमस्कार केला आणि पुढं गेला.

दुपारपर्यंत दोन्ही खांद्यांवर कबुतरं. आम्ही कांबळेंकडं बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "प्रभारी असताना बी ह्या सफारीला कुणी भ्यालं न्हाई."

* * *

आमचे शंकरराव देगलूरचे. त्यांनी लेकीच्या लग्नाच्या सीडी आणल्या. ज्यावर त्या लावायच्या ते यंत्र आता घरात कुणाकडंच नाही, तर निदान वाऱ्यावर तरी हलू द्या, म्हणाले. दोरे ओवून गच्चीभर टांगल्या. ऊन पडलं की भिंतीवर रंग नाचायचे, आणि आम्ही कबुतरं सोडून त्या लग्नातल्या पंगतीच आठवत बसायचो.

दोन-चार दिवस कबुतरं बिचकली. नंतर एक कबूतर सीडीत बघून पिसं साफ करताना सापडलं.

"त्या सीडीत जावई हाय," शंकरराव म्हणाले. "आमच्या घरात बी त्याला कुणी भीत न्हाई."

* * *

शेवटी मी माझं ज्ञान काढलं. मी जन्मभर आस्थापना टेबल सांभाळलेला माणूस. न मारता, न दुखवता हलवायचं म्हणजे बदली! गच्चीवरची ज्वारी आम्ही रोज थोडी थोडी लांब टाकत नेली. गच्चीवरून कुंपणाजवळ, कुंपणाजवळून गेटपाशी, गेटपासून मागच्या मोकळ्या माळावर. आणि कबुतरं खरंच गेली. गच्ची धुऊन काढली. मी कट्ट्यावर जरा ताठ बसायला लागलो.

गोविंदराव मात्र सारखे रिकाम्या गच्चीकडं बघत बसायचे. कांबळेंनी विचारलं, आता तर झालं ना मनासारखं?

"झालं की. फकस्त सकाळी जाग यायला उशीर होऊन राहिला."

पुढच्या आठवड्यात कबुतरं परत हजर. कांबळेंची एकदा जळकोटला बदली झाली होती, तेव्हा तेही पगार व्हायच्या आत परत आले होते. यांचीही वरपर्यंत ओळख असणार.

* * *

मग लातूरहून जाळीवाला बोलावला. त्यानं खिडक्या, जिना, गच्ची, सगळं झाकलं. घर स्वच्छ झालं, गोविंदरावांचा खोकलाही बसला. राहिला फक्त कूलरच्या स्टँडमागचा कोपरा. तिथं काड्यांचं घरटं, घरट्यात अंडी. गोविंदरावांनी काम थांबवलं. पिल्लं उडू दे, मग बांध, म्हणाले.

पिल्लं निघाली, वाढली. ती उडायच्या आत त्या जोडप्यानं शेजारीच पुन्हा अंडी घातली. जाळीवाल्याचा फोन आला, येऊ का म्हणून. गोविंदराव फोनवर हळू आवाजात म्हणाले, "आत्ताच नको. बाळंतीण हाय घरात."

दिवाळी तोंडावर आली. चिरंजीवांची अट सगळ्या कबुतरांची होती. गोविंदरावांनी फुलस्केप कागद घेतला, डाव्या बाजूला समास सोडला आणि अर्ज लिहिला. प्रति, माननीय चिरंजीव, पुणे. मार्फत, सौभाग्यवती सूनबाई. विषय, पुणे येथे रुजू होण्यास मुदतवाढ मिळणेबाबत. कारण, घरातील बाळंतपण. शंकररावांच्या सूचनेवरून अंड्यांचा फोटो सहपत्र म्हणून जोडला, आणि सगळं व्हॉट्सॲपवर रवाना केलं.

आम्ही तिघं त्यांच्याबरोबर कट्ट्यावर मोबाइलकडं बघत बसलो. अंधार पडता पडता उत्तर आलं. पोरगा कंप्युटरवाला असला तरी शेवटी कारकुनाचा. अर्जाच्या समासात लाल अक्षरांत त्यानं शेरा मारला होता.

"चर्चा करावी."

कांबळेंनी चष्मा पुसला आणि तो शेरा पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला.

दिवाळी होऊन गेली. गोविंदराव रोज संध्याकाळी कट्ट्यावर असतात. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.