मार्ताने वीणा घेतली

शरण जाणं मला कधी जमलं नाही. बाबा युनियनचे. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते आणि त्यांत 'शरण' या शब्दाचा एकच अर्थ होता, हार. त्यामुळे आईच्या हृदयाचं ऑपरेशन गोव्यात ठरलं, मला रजा नाकारली गेली, आणि तिने फोनवर एकच मागणं मागितलं तेव्हा मी चिडलेच.

"माझं ऑपरेशन चालू आहे तोवर तिकडे नाम चालू ठेव. तुटू देऊ नको."

"आई, ऑपरेशन डॉक्टर करणार आहेत."

"ते त्यांचं करतील. तू तुझं कर."

इथे आखातात, गुदैबिया भागातल्या आमच्या इमारतीत राहणारे तात्या कणकवलीकडचे, व्यवसायाने ड्रायव्हर. त्यांच्याकडे गावाहून आणलेली सप्ताहाची वीणा आहे. ती गळ्यात घालून उभ्याने नाम घ्यायचं. दुसऱ्याने आपल्या गळ्यात घेतल्याशिवाय उतरवायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. आईचं मागणं मी नाइलाजाने त्यांच्या कानावर घातलं आणि ऑपरेशनच्या दिवशी, शुक्रवारी सकाळपासून, त्यांनी आपल्या घरात पाळीपाळीचे पहारे लावले.

वरच्या मजल्यावर मार्ता राहायची. क्यूबाची, साठीच्या घरातली, आणि गायची अमेरिकन खेड्यांतली कंट्री गाणी! तंबाखूच्या शेतांजवळच्या तिच्या गावात, वारा अनुकूल असला की समुद्रापलीकडचं रेडिओ स्टेशन लागायचं. शब्द न कळताच ती शिकली. घरचे लोक म्हणाले, हे शत्रूचं गाणं. पुढे ती फ्लोरिडाला गेली, तर तिथले म्हणाले, तू क्यूबाची, तुझं तू गा, आमचं कशाला? एक रेकॉर्ड निघाली, खपली नाही. मग प्रवासी जहाजं, आणि शेवटी आखातातली हॉटेलं. या अन्यायावर मी पेटून लेख लिहायला घेतला होता. "पण तुम्ही कोणत्या बाजूच्या?" मी तिला विचारलं. "आधी जेव," ती म्हणाली. जेवणाऱ्या, न ऐकणाऱ्या लोकांपुढे गाताना अपमान वाटत नाही का, असंही विचारलं. "सुरुवात मी करते," ती म्हणाली, "पुढे ते माझं राहत नाही." मला ती हरलेली वाटली. लेख अर्धाच राहिला.

शुक्रवारी दुपारी माझा पहारा होता. इमारतीतल्या बायका आपापल्या पोरांना जेवू घालायला घरी गेल्या होत्या. पुढचा पहारा सलमाबादच्या कॅम्पातल्या कामगारांचा. त्यांची बस आलीच नाही. तात्या गाडी घेऊन त्यांना आणायला धावले. जाताना म्हणाले, "गो बाय, मी इलंय. वीणा खाली ठेवूची नाय!"

मी एकटीच राहिले. गोव्याहून भावाचा फोन येत नव्हता. 'रामकृष्णहरी' म्हणता म्हणता घसा बसला. मग आवाज नुसता फाटू लागला. ज्यावर माझा विश्वासच नव्हता ते तुटेल या भीतीने मी रडत होते. कोणाला म्हणतेय हे न कळता मनात म्हटलं, आता माझ्याने होत नाही.

दार उघडंच होतं. हॉटेलच्या कार्यक्रमाला निघालेली मार्ता दारात उभी होती. तिने आपले उंच टाचांचे काउबॉय बूट काढून चपलांच्या ढिगात ठेवले, हॅट खुंटीला लावली. तिला कोणी नियम सांगितला नव्हता. तरी माझा हात सुटायच्या आधी तिचा हात वीणेखाली आला. पट्टा तिच्या गळ्यात गेला आणि माझ्या शेवटच्या अक्षरावर तिचा सूर चढला. हरी म्हणताना तिचा आवाज मध्येच उडी मारायचा, रेडिओवर शिकलेली ती उडी. खिशात तिचा फोन वाजत राहिला. तिने पाहिलाही नाही.

तात्या कामगारांना घेऊन आले आणि दारातच थबकले. मग म्हणाले, "आमची बुवा गावली रे! यल्ला, झांजा घेवा!"

सगळ्यांचा आवाज उठला तेव्हा भावाचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं.

ते डॉक्टरांनी केलं, हे मी आजही ठासून लिहीन. पण मार्ता नंतर जिना चढताना म्हणाली, "आमच्या गावात देवीची पालखी निघते. नव्याने खांदा दिल्याशिवाय आधीचा बाजूला होत नाही. तुझा आवाज जिन्यात ऐकला, एवढंच." हॉटेलवर उशिरा पोचल्याबद्दल तिला बोलणी बसली, तेही हसून सांगितलं.

तिचा करार संपला, ती दुसऱ्या देशात गेली. तिच्यावरचा अर्धा लेख मी फाडला. कोणत्या बाजूची, हा प्रश्नच त्यात चुकीचा होता. आता तात्यांकडच्या सप्ताहात दरवर्षी मी पहारा घेते. वीणा पुढच्याच्या हाती देताना ती क्षणभर दोघांच्याही हातांत असते. शरण जाणं म्हणजे काय, ते मला तेवढ्या क्षणात कळतं. आणि जिने ते शिकवलं तिला, आणि त्या दुपारी माझ्या मनातलं ऐकून जो कोणी तिला त्या दारापर्यंत घेऊन आला त्याला, मी मनातल्या मनात हात जोडते.