टाकीच्या तळाचं पाणी

कुठे कडबा जळाल्याचा वास आला की पाटोद्याजवळच्या आमच्या गावातली ती दुपार आठवते. दुष्काळ होता आणि मी पाणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. टाकीच्या तळाचं दोन हात पाणी आगीसाठी राखायचं, असा गावाचा जुना रिवाज होता. सोसायटीची मोसंबी वाळू नये म्हणून मी तेही गुपचूप बागेला सोडलं होतं.

सखूमावशीचा गोठा पेटला तेव्हा बादल्यांत नुसता गाळ आला. आत बांधलेल्या गाईचं हंबरणं थांबलं.

"पाणी कावून न्हाई रे?" मावशीने विचारलं.

"दुष्काळ हाय, मावशी."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मग तू तरी काय करशील, लेकरा."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता तो हात पाठीवरून निघत नाही.